महानंदा अक्काची पोटचौकशी

माणूस माणसाला भेटला की राम राम घालतो, नाहीतर मान तरी हलवतो. आमच्या गल्लीतली महानंदा अक्का थेट विचारते, "साफ झाली का?"

कुठंही विचारते. भाजीच्या गाड्यावर विचारते, लग्नाच्या मांडवात विचारते. एकदा टँकर आला होता, सगळ्या गल्लीच्या घागरी रांगेत, आणि पलीकडून बँकेतले नवे साहेब बायकोला घेऊन चालले होते. अक्कानं घागर खाली न ठेवता विचारलं. साहेब भला माणूस. लाजत "हो" म्हणाला. अक्का म्हणाली, "हो म्हणजे कशी? एकदाच का परत जावं लागलं?" त्या दिवसापासून साहेब मागच्या बोळातून जातात.

मला ह्या बाईचा राग आहे, आणि तो उगाच नाही. माझी बायको वारली. तेराव्याला माणसं खाली मान घालून जेवत होती. ही बाई वाढता वाढता माझ्यापुढं थांबली आणि हातातली वरणाची बादली तशीच धरून म्हणाली, "मिस्त्री, पोट काय म्हणून राहिलंय तुमचं?" माझा मेहुणा मुदखेडहून आलेला. त्याचा घास हातातच राहिला. मी म्हणालो, "अक्का, आज तरी सोडा." तर म्हणाली, "आजच इचारायचं असतं."

आता ह्याला काय म्हणायचं?

मी शिकलेला नाही. लोह्याच्या शाळेत चौथीपर्यंत बसलो, मग हातात गवंड्याची थापी आली ती गुडघे गेले तेव्हा सुटली. मला गोड करून सांगता येत नाही. जशी आहे तशी सांगतो.

अक्का उदगीरकडची, लिंगायत घरची. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि कमरेला मेसच्या कोठीच्या किल्ल्या. लातुरात क्लासेसचं पीक आलं, गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊन पडली, तेव्हा अक्कानं मेस काढली. मेस सगळेच काढतात. पण डबा परत आला की दुसरी बाई तो मोरीत टाकते. अक्का टाकत नाही. आधी सगळे डबे ओट्यावर ओळीनं उघडून ठेवते आणि बघत उभी राहते. जुना गवंडी ओळंबा सोडून भिंतीकडं बघतो, तशी.

भात संपला आणि तिखट भाजी जशीच्या तशी, म्हणजे ह्याच्या छातीत जळजळतंय. नुसतं लोणचं चाटूनपुसून नेलंय, म्हणजे मळमळतंय. पोळीच्या कडा टाकल्यात, म्हणजे लाडाचा आहे, पोट ठणठणीत. एवढं बघून झालं की पदर खोचून होस्टेलच्या पायऱ्या चढते, दार वाजवते आणि पोराच्या पलंगावर बसून उलटतपासणी सुरू करते. कधीपासून दुखतं? जाऊन आल्यावर थांबतं का वाढतं? खडा होतो का पाणी? सुटीत गावाकडं गेलास तवा दुखलं का? बाजूच्या खोलीतली पोरं तोंडात उशी कोंबून हसतात. हसू दे. त्यांचीही पाळी येते.

तिनं दुखण्यांना नावंसुद्धा दिलीत. पहिलं परीक्षेचं पोट. ते सकाळी ढवळतं आणि पेपर सुटला की गप्प. दुसरं गावाकडचं पोट. ते सोमवारी दुखतं, कारण आई रविवारी भेटून गेलेली असते. तिसरं बापाच्या फोनचं पोट. ते सगळ्यात वाईट, असं ती म्हणते.

औषध मात्र कुणाला देत नाही. ओवा नाही, हिंग नाही. कुणी मागितलं तर म्हणते, "मी काय वैदू हाय का? मी इचारणारी हाय." आणि काही गोष्टी विचारताना तिचा आवाज बदलतो. रक्त पडतं का, वजन उतरलं का, दुखण्यानं झोप मोडते का, घास अडकतो का. ह्यातल्या एकाला जरी 'हो' आलं की तिची सगळी मस्करी तिथंच संपते. मग ती पोराला उठवते, रिक्षात घालते आणि डॉक्टरांपुढं नेऊन बसवते. पोरगं म्हणतं, उद्या टेस्ट आहे. अक्का म्हणते, "टेस्ट तिथं बी हाय."

एकदा अर्धापूरकडचा एक केळीवाला बाप भांडायला आला. पोरगं दर रविवारी संध्याकाळी पोट धरून लोळायचं. बापानं मेसच्या दारातच सुरुवात केली. "बाई, तुमच्या जेवणानं माझ्या पोराचं वाटोळं झालं. वर्षभराची मेहनत मातीत चालली."

अक्का कणिक मळत होती. "बसा," म्हणाली. "पोराला फोन करता का?"

"रोज करतो. त्याचा काय संबंध?"

"काय इचारता?"

"मार्क इचारतो. दुसरं काय इचारणार?"

"रविवारी निकाल लागतो त्यांचा. तवा किती येळ बोलता?"

"समजावून सांगावं लागतं. वेळ लागणारच."

"जेवलास का, असं कधी इचारलं?"

बाप पाटावर टेकला.

"बरं, तुमचं सांगा. तुमचं साफ होतं का?"

"माझा काय संबंध आला बाई ह्याच्यात?"

"सांगा तर. इथं आपण दोघंच हाव." मी तिसरा तिथं बसलो होतो, पण मला ती माणसात धरत नाही.

बाप आधी लाल झाला, मग इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पोराला इकडं टाकल्यापासून धड न्हाई." भांडायला आलेला माणूस दिवस मावळेपर्यंत त्या पाटावर बसून स्वतःच्या पोटाचं सांगत होता. चहा झाला, पोहे झाले. जाताना अक्काच्या पाया पडला. मी म्हणतो, ही काय रीत झाली? भांडायचं तर धड भांडावं.

होस्टेलांचंही तसंच. आमच्या गल्लीतली निम्मी होस्टेलं माझ्या हातची. एका मजल्यावर प्लायवूड ठोकून खोल्याच खोल्या आणि कोपऱ्यात एक संडास. मी बांधताना मालकाला म्हणालो होतो, "शेठ, ही पोरं एकाच टायमाला उठणार, एकाच टायमाला क्लासला पळणार. एकात कसं भागंल?" तो म्हणाला, "मिस्त्री, संडासाला भाडं येत नाही." हे लोक चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे माणसाएवढे फोटो लावतात. त्यातलं एखादं पोरगं सकाळी रांगेत उभं राहून राहून तसंच क्लासला गेलं, आणि पुढं दिवसभर पोटात गोळा घेऊन बसलं, हे कुणी बोर्डावर लिहितं का?

अक्का त्या मालकाच्या घरी गेली. त्याच्या दिवाणखान्यात, पाहुण्यांपुढं, त्याला विचारलं, "तुमच्या घरात संडास किती आणि माणसं किती?" मग स्वतःच म्हणाली, "आता तुमच्या पोटाचं सांगा. छान असंल." रोज जाऊन तेच विचारायची. शेवटी त्यानं जिन्याखाली आणखी दोन बांधून घेतले. बांधले मीच. ही बाई रोज येऊन कडी हलवून बघायची. "कडी घट्ट बसवा मिस्त्री. बाहेरून कुणी दार ढकललं की आतलं काम तिथंच थांबतं." उभी हयात बांधकामात गेली माझी, आणि मला कडी शिकवते.

हा नाद तिला लागला भूकंपानंतर. औसा तालुक्यात तिचं सासर होतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. भूकंपाच्या पहाटे ती माहेरी उदगीरला होती, म्हणून ती राहिली. घरातलं दुसरं कुणी राहिलं नाही. मी तेव्हा तिकडं नव्या गावठाणाची घरं बांधायला गेलो होतो आणि अक्का पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्या गावाचा स्वयंपाक करायची. तिथं जो तो पोट धरून बसलेला. कुणाला सारखं लागायचं, कुणाला आठ-आठ दिवस नाही. डॉक्टर यायचे, तपासायचे, काही नाही म्हणायचे, मूठभर गोळ्या द्यायचे आणि जीपमध्ये बसून जायचे. एक तरुण डॉक्टरीणबाई मात्र घमेलं पालथं घालून त्याच्यावर बसायची आणि एकेकाला विचारत राहायची. अक्का पळी हातात घेऊन मागं उभी असायची. ते सगळे प्रश्न तिथले. डॉक्टरीणबाईचं एक बोलणं ती अजून सांगते. दुखणं सापडत नाही म्हणून माणूस खोटं बोलतोय असं समजायचं नाही.

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. भिंतीला तडा असला तर दिसतो. दिसत नसला तर नाही. एवढं माझं शहाणपण.

मग माझी रुक्मिण गेली. तिच्या पोटातच निघालं, गाठ. इथं दाखवलं, नांदेडला नेलं, शेवटी घरी आणली. ती गेल्यावर माझ्या पोटात, बरोबर बेंबीच्या वर, कुणीतरी वीट रचून ठेवावी तसं झालं. दोन घास गेले की पुढचा जायला जागाच नाही. दुखायचं. मी कुणाला बोललो नाही. कुणाला बोलायचं? पोरगी हैदराबादला, तिला तिचा संसार.

अक्का न विचारता डबा पाठवायला लागली. मी दुपारी डबा उघडायचो, वास घ्यायचो, मागच्या बोळातल्या कुत्रीपुढं रिकामा करायचो आणि डबा घासून, पुसून परत पाठवायचो. आता तरी ही बाई गप्प बसेल असं मला वाटलं.

एका सकाळी ती माझ्या दारात डबा घेऊन उभी. रिकामा.

"मिस्त्री, हा कोण घासतं?"

"मीच. दुसरं कोण हाय घरात?"

"रुक्मिणबाई होती तवा पाण्याचा पेला तरी इसळला का कधी तुम्ही?"

मी डबा घ्यायला हात पुढं केला.

"जेवणारा माणूस डबा असा घासत न्हाई. आणि मागच्या बोळातली कुत्री बघा कशी झालीय. माझं वरण तिच्या अंगाला लागून राहिलंय. तुमची बंडी बघा, खुंटीवर टांगल्यासारखी दिसतीय."

"अक्का, माझं पोट, माझा डबा. तुम्हाला काय करायचंय?"

"डबा माझा हाय," म्हणाली, आणि चप्पल काढून आत येऊन बसली. मग सुरू झालं. मी सांगतो, मला माझ्या बापानं असं कधी विचारलं नाही. जाऊन आल्यावर बरं वाटतं का? नाही. खाल्ल्यावर दुखतं का उपाशी? खाल्ल्यावर. मी चिडून म्हणालो, "बाईमाणसानं असलं इचारताना काही वाटत न्हाई का?" ती म्हणाली, "वाटायचं ते वाटून गेलं शेडमधी. वजन उतरलं का?"

मी पायजम्याच्या नाडीकडं बघितलं. तिनंही बघितलं.

"दुखण्यानं झोप मोडते का?"

"झोप लागली तर मोडंल ना."

अक्कानं रिकामा डबा उचलला. ती उठून गेली. त्या दुपारी गल्लीत डबे गेले नाहीत, पोरांनी केळी खाऊन क्लास केला. अक्का रिक्षा घेऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली, "बसा."

दवाखान्याचं काय सांगू? आधी रक्त घेतलं. मग पोटावर गार गार लावून यंत्र फिरवलं. मग घशातून ही एवढी काळी दुर्बीण आत घातली आणि वर म्हणतात, आजोबा, घाबरू नका, नॉर्मल श्वास घ्या. तोंडात नळी घालून नॉर्मल श्वास घेणारा माणूस मला एकदा बघायचा आहे. अक्का बाहेर बाकावर बसून होती, हातात जपमाळ धरल्यागत किल्ल्यांचा जुडगा. सिस्टरनं विचारलं, पेशंटच्या कोण तुम्ही? म्हणाली, "डबेवाली."

डॉक्टर पोरगाच होता, पण शांत. त्यानं सगळे कागद बघितले आणि म्हणाला, "आजोबा, आत काही नाही. जखम नाही, गाठ नाही."

मला इतका संताप आला की काय सांगू. "काही न्हाई म्हणजे? मग दुखतंय ते कुणाचं, शेजाऱ्याचं?"

"दुखतंय तुमचंच. आणि खरंच दुखतंय."

"तुमच्या घराची भिंत गळून राहिली आणि मी म्हणालो काही न्हाई, तर तुम्ही मला मिस्त्री म्हणाल का?"

तो हसला नाही. म्हणाला, "भिंत चांगली आहे आजोबा. पोट आणि मेंदू एकमेकांशी सारखे बोलत असतात. तुमच्यात ते बोलणं बिघडलंय. गोळी देतो, महिन्यानं परत या, वजन बघू." मग तो प्रश्न विचारायला लागला. मी तोंड उघडायच्या आत अक्काची उत्तरं तयार. कधीपासून, कुठं, कशानं वाढतं, तिनं धडाधड सांगितलं. डॉक्टर लिहीत होता. लिहिता लिहिता वर न बघता म्हणाला, "जेवायला सोबत कोण असतं?"

मी अक्काकडं बघितलं. तिला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. पण ती बोलली नाही. डॉक्टरनं वर बघितलं, माझ्याकडं, मग तिच्याकडं, आणि पेन खाली ठेवलं.

परतताना रिक्षात ती किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून बसली. गंजगोलाईच्या बाजारातली गर्दी लागली, तेव्हा म्हणाली, "इतकी वर्सं सगळ्यांला सगळं इचारलं. हे एवढं एक इचारायचं राहिलं."

मी म्हणालो, "डॉक्टरला काही सापडलं न्हाई म्हणून त्यानं काहीतरी इचारलं."

"मिस्त्री," ती म्हणाली, "तुम्हाला निघायला पाहिजे होती. गाठ."

एवढ्या गर्दीत, रिक्षावाल्याच्या पाठीमागं, असं कुणी बोलतं का? मला वाटलं खाली उतरून चालत जावं. पण गुडघे. मी नाही म्हणालो नाही.

"मला बी पाहिजे होती," अक्का म्हणाली. "शेडमधी असताना. त्या डॉक्टरीणबाईनं सगळ्यात आधी मलाच बसवलं होतं घमेल्यापुढं. सगळं इचारलं आणि म्हणाली, काही न्हाई ताई तुमच्या पोटात. लई चिडले होते मी तिच्यावर. काही न्हाई म्हणते म्हणजे काय. आता काय करायचं मी, जगायचं?"

मला वाटत होतं ही तिथं नुसती पळी घेऊन उभी असायची.

रिक्षा दारात थांबली. उतरताना तिचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. "उद्यापासून तुमचा डबा बंद."

"का? मी काय केलं?"

"डब्यातलं कोण खातं ते मला कळत न्हाई. सगळे डबे गेले की तुम्ही मेसमधी यायचं. माझ्यापुढं बसून खायचं."

ही दादागिरी झाली. मी तसं तिला सांगितलंही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, कारण नसतो गेलो तर ती गल्लीत उभी राहून ओरडली असती.

तिनं पाट मांडला, ताट वाढलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी. मी म्हणालो, "तुमचं?" म्हणाली, "मी मागून." मी म्हणालो, "मग मी बी मागून." हट्टाला मीही कमी नाही. शेवटी तिनं स्वतःचं ताट घेतलं, माझ्यासमोर बसली, घास मोडला आणि तो हातातच धरून राहिली. तो वर जाईना.

"मिस्त्री," ती म्हणाली, आणि ह्या बाईला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, "समोर कुणी असलं की माझा घास उतरत न्हाई. सवय गेली. शेडपासनं."

मग तिनं पाट फिरवला आणि गॅसकडं तोंड करून बसली, माझ्याकडं पाठ. मी माझा पाट दाराकडं फिरवला. तसं जमलं. एवढी शहाणी बाई, गावाच्या पोटांचा हिशोब हिला तोंडपाठ, आणि हिला जेवताना आजवर कुणी बघितलं नव्हतं.

आता रोज तसंच. ती गॅसकडं, मी दाराकडं. बोलणं भिंतीशी बोलल्यासारखं चालतं. ती त्या पोरांची पोटं सांगते, मी तिच्या मेसच्या भिंतीला कुठं ओल आलीय ते सांगतो. भाकर जाड असते, चटणीत मीठ जास्त. माझ्या पोटातली वीट कधी असते, कधी नसते.

एक मात्र माझ्या लक्षात आलंय. माझं लवकर झालं आणि मी हात धुवायला उठलो, की तीही उठते, अर्धी भाकर ताटात तशीच टाकून. तेव्हा मी आता लई सावकाश खातो. एकेक घास चावत बसतो, पाणी पितो, उगाच थोडी चटणी मागतो. पाठीमागं तिचं ताट पुसल्याचा आवाज आला, की मग उठतो.